चंद्राला हादरा

हुरड्याच्या आगटीपाशी बसायचे दिवस असतानाही आजची संध्याकाळ राखून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून मला बरेच फोन आले. चंद्रावर अणुबॉम्ब फुटला तर काय होईल, हा गुरुजींच्या स्मृतिदिनाचा विषय कसा, असं लोकांनी विचारलं. विषय मी शोधलेला नाही. याच परिसरातल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलानं तो गुरुजींना विचारला होता. गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. ते देणं आज फेडायचं आहे.

१९९३ ची दिवाळी जवळ आली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना मी सांगायला नको. त्या भूकंपानं किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण सास्तूर, माकणी, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही आपल्या धाराशिव जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे मातीला मिळाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, रात्री उशिरा दमून माणसं माळवदाखाली झोपली होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचा तो थर. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच माळवदानं माणसं गाडली.

गुरुजींची शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि मदतीला जात होतो. मुलांची अवस्था अशी, की वाऱ्यानं पत्रा वाजला तरी सगळा वर्ग बाहेर. मदतीच्या सामानाचा ट्रक रस्त्यावरून गेला की जमीन थरथरायची आणि लहान पोरं एकमेकांना मिठ्या मारायची. गुरुजींनी एके दिवशी शेडच्या आडव्या बांबूला सायकलच्या ब्रेकची तार बांधली. तारेच्या टोकाला अर्धी वीट. विटेच्या खालच्या अंगाला रबरानं आवळलेली बॉलपेनाची रिफिल. तिच्याखाली पाटावर वहीचा लांब कापलेला कागद. एका मुलानं कागद सावकाश, सारख्या वेगानं ओढायचा. सगळं स्थिर असेल तर सरळ रेघ उमटायची. ट्रक गेला की रेघेला दातरे पडायचे. मुलं कागदावर वाकून बसायची. "जमीन काय म्हणतीय ते आधी वाचू, मग पळू," असं गुरुजी सांगायचे. आठवडाभरात पोरं ट्रक आणि एस.टी. यांचे दातरे वेगळे ओळखू लागली. मी नंतर भौतिकशास्त्रातली मोठमोठी उपकरणं पाहिली, हाताळली, पण भीतीवर इतका चांगला उपाय करणारं उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या मुलांतला एक जण सात-आठ तास ढिगाऱ्याखाली होता. धूळ खाली बसली तेव्हा त्याला वासे निखळलेल्या फटीतून चंद्र दिसला होता. पौर्णिमेला एक दिवसही उरला नव्हता, त्यामुळे चंद्र जवळजवळ पूर्ण, पश्चिमेला कललेला. त्या पहाटे गावात कितीतरी लोक बॉम्ब पडला म्हणून ओरडत होते, ते त्यानं ऐकलं होतं. त्यानं विचारलं, "गुरुजी, बॉम्ब चंद्रावर पडला असता, तर चंद्र पडला असता का?"

मुलांनो, मोठ्यांनो, या प्रश्नात काय आहे ते लक्षात घ्या. ज्याच्या पायाखालची जमीन एका रात्रीत भरवशाची राहिली नाही, तो वर पाहून विचारतो आहे, की निदान ते तरी जागेवर राहील का. याचं उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं. नुसत्या धीराच्या शब्दांनी त्याचं समाधान झालं नसतं.

तर चंद्र पडला नसता. किती पडला नसता, ते सांगतो.

माणसानं आजवर फोडलेला सर्वांत मोठा बॉम्ब सोव्हिएत रशियाचा. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोवाया झेमल्या बेटांवर. ५० मेगाटन, म्हणजे पाच कोटी टन टीएनटीइतकी ताकद. असले साठ हजार कोटी बॉम्ब एकदम फुटले तर चंद्राचे तुकडे एकमेकांपासून कायमचे सुटण्याइतकी ऊर्जा तयार होते. एका बॉम्बनं चंद्र कक्षेतून हलेल का, याचाही मी ढोबळ हिशेब केला. समजा स्फोटानं एक कोटी टन दगडमाती सेकंदाला शंभर मीटर वेगानं उडवली, आणि ती सगळी एकाच दिशेला उडाली असंही धरलं. तरी त्या धक्क्यानं वर्षभरात चंद्र मिलिमीटरच्या आसपास सरकेल. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजल्यावर कळतं, की चंद्र आपला आपणच दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर आपल्यापासून दूर जातो आहे. भरती-ओहोटी, अमावास्या-पौर्णिमा, आपलं पंचांग, यातलं काही बदलणार नाही.

हे उत्तर मला १९९३ साली द्यायला हवं होतं. तेव्हा मला एवढाही हिशेब सुचला नाही.

पुढे कळलं, की हा प्रश्न त्या मुलाच्या आधी पस्तीस वर्षं फार मोठ्या माणसांनी विचारला होता, आणि त्यांना तो भीतीपोटी पडलेला नव्हता. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिका हादरली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलानं शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडे एक गुप्त काम सोपवलं. लिओनार्ड रायफेल हे त्या कामाचे प्रमुख. जगाला दिसेल असा अणुस्फोट चंद्रावर करता येईल का, ते तपासायचं. प्रकल्पाचं सांकेतिक नाव ए-११९. १९५९ च्या अहवालाला मात्र चांद्र संशोधन उड्डाणांचा अभ्यास असं निरुपद्रवी नाव दिलं गेलं. हायड्रोजन बॉम्बचा विचार झाला होता, पण तेव्हाच्या रॉकेटांना तेवढं वजन पेलणार नव्हतं, म्हणून लहान अणुबॉम्बवर बोलणं आलं. स्फोटाची जागा ठरवतानाचा विचार असा, की चंद्राचा उजेडाचा भाग आणि अंधाराचा भाग जिथं भेटतात त्या रेघेजवळ तो व्हावा. म्हणजे उडालेली धूळ वर येऊन सूर्यप्रकाशात चमकेल आणि पृथ्वीवरून माणसं ती पाहतील. ही धूळ कशी पसरेल, याचं गणित तेवीस-चोवीस वर्षांच्या एका संशोधक विद्यार्थ्यानं केलं. त्याचं नाव कार्ल सेगन. पुढे साऱ्या जगाला विश्वाची ओळख करून देणारे, अण्वस्त्रांविरुद्ध बोलणारे तेच सेगन. ही गोष्ट लोकांसमोर आली ती सेगन गेल्यानंतर. २००० साली रायफेल स्वतःच त्यावर बोलले.

रशियातही असा विचार झाला होता. तिथं याकोव्ह झेल्डोविच यांनी हिशेब केला, की हवा नसलेल्या जागी स्फोटाची चमक इतकी अल्पकाळ टिकेल, की पृथ्वीवरून तिचा फोटोही नीट निघणार नाही. बेत सोडून दिला गेला.

हवा नसणं, हीच खरी गोम आहे. हिरोशिमा-नागासाकीचे फोटो पाहिलेल्या आपल्या डोळ्यांसमोर अणुस्फोट म्हटलं की छत्रीसारखा ढग येतो. तो ढग हवेचा खेळ आहे. तापलेली हवा वर चढते, धुळीला ओढत नेते, थंड होत पसरते. माणसं आणि घरं ज्या दाबलाटेनं जमीनदोस्त होतात तीही हवेचीच. चंद्रावर यातलं काही नाही. डोळे दिपवणारी एक चमक. आवाज शून्य. बॉम्बखालचा दगड वितळून वाफ होईल. धूळ आणि खडे उडतील, पण ते लोंबकळत राहणार नाहीत. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी प्रत्येक कणाची आपली वेगळी कमान. गुरुत्वाकर्षण इथल्या सहाव्या हिश्शाचं, म्हणून कमानी लांब, पण शेवटी सगळं खाली. सेकंदाला २.४ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं सुटलेलं तेवढं मात्र चंद्राला कायमचं सोडून जाईल. काही मिनिटांत तिथं पुन्हा शांतता.

खड्डा पडेल. किती मोठा? अमेरिकेनं ६ जुलै १९६२ रोजी नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली १९४ मीटरवर १०४ किलोटनांचा बॉम्ब फोडला. सेडान म्हणतात त्या विवराला. रुंदी ३९० मीटर, खोली सुमारे १०० मीटर. आपल्या हिशेबात तीस एकरांचं रान एका क्षणात खड्डा झालं. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर जाण्याआधी नेवाडातल्या अशा बॉम्बविवरांमध्ये सराव केला, कारण चंद्राशी त्यांचं तेवढं साम्य होतं. पण हे तीस एकर चंद्रावर असतील तर इथून दिसणार नाहीत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. ते अख्खं उचलून चंद्रावर ठेवलं तरी आज बाहेर मैदानात लावलेल्या दुर्बिणीतून ते जेमतेम ठिपका म्हणून दिसेल किंवा दिसणारही नाही. पौर्णिमेला चंद्राच्या खालच्या बाजूला जे तेजस्वी गोल ठिकाण दिसतं, ज्यातून पांढऱ्या रेघा फुटतात, ते टायको विवर ८५ किलोमीटर रुंद आहे. उल्का आणि धूमकेतू यांनी चंद्राला जे केलं आहे, त्याच्यापुढे आपली शस्त्रं फार छोटी आहेत.

लोणारचा विषय निघाला म्हणून थोडं थांबतो. आपण ज्या दगडावर बसलो आहोत तो काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. धाराशिवची लेणी त्यात कोरली, नळदुर्गचा किल्ला त्याचा, आणि पडलेल्या गावांमधल्या भिंतीही त्याच्याच. चंद्रावरचे काळसर डागही बसाल्टच आहेत, फक्त बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुने. पृथ्वीवर बसाल्टमध्ये पडलेली उल्काविवरं फार थोडी आहेत आणि लोणार हे त्यांतलं उत्तम टिकलेलं. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. शेताच्या बांधावरचा काळा धोंडा हातात घ्या. चंद्रावरचा धोंडा साधारण असाच, फक्त त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नाही.

या कोरडेपणानं एक आश्चर्य घडवलं आहे. २० नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी आपलं काम संपलेलं यान चंद्रावर मुद्दाम आपटलं. त्यांनीच ठेवलेल्या भूकंपमापकानं तो धक्का नोंदला. पृथ्वीवर अशी थरथर काही क्षणांत विरली असती. चंद्र जवळजवळ तासभर थरथरत राहिला. पुढे एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या रॉकेटचा रिकामा टप्पा आदळला, सुमारे ११ टन टीएनटीच्या बरोबरीचा. तेव्हा कंपनं तीन तासांवर चालली. याचं कारण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावायला मला पुस्तक लागत नाही. तेरला गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं आणि पक्कं कोणतं ते पारखलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ओलं मडकं थापटलं की आवाज तिथंच मरतो. भाजून कोरडं झालेलं मडकं वाजत राहतं. पृथ्वीच्या खडकांच्या भेगांत पाणी आहे, ते थरथर पिऊन टाकतं. चंद्र भाजलेलं मडकं आहे. वर भेगाळलेलाही आहे, त्यामुळे लहरी आत इकडून तिकडे आपटत राहतात आणि लवकर विझत नाहीत.

म्हणजे चंद्रावर बॉम्ब फुटला तर तो पडणार नाही, फुटणार नाही, आपल्याला ऐकूही येणार नाही. पण तासन्‌तास थरथरेल.

आता हा हादरा आपल्या हादऱ्याशी तोलून पाहा. १९९३ च्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. नेहमीच्या सूत्रात हा आकडा घातला, की लहरींच्या रूपानं बाहेर पडलेली ऊर्जा येते ती साधारण तीस हजार टन टीएनटीची. हिरोशिमाचा बॉम्ब पंधरा हजार टनांचा. आणि बॉम्बची ऊर्जा उजेड, उष्णता, दगडाची वाफ यांतच मुख्यतः संपते. पृष्ठभागावर फुटला तर तिचा शंभरावा भागही जमिनीच्या थरथरीत जात नाही. म्हणजे त्या पहाटे आपल्या पायाखाली जे झालं, त्या पातळीची थरथर चंद्रावर उठवायला ए-११९ च्या बेतातला बॉम्ब कुठल्या कुठे अपुरा पडला असता. मी हे सांगतो तेव्हा माझा आवाज कापतो, कारण आपल्या माणसांनी काय सोसलं त्याचं माप मला इतक्या उशिरा या आकड्यातून समजलं.

ए-११९ च्या कागदांत एक गोष्ट शास्त्राच्या नावानं होती. चंद्रावर आधी उपकरणं ठेवायची आणि स्फोटाच्या लहरींवरून त्याच्या अंतर्भागाचा ठाव घ्यायचा. भूकंपमापकाला बॉम्बच्या बेताला जोडलं गेलं, याचा मला मनापासून राग आहे. चंद्राचं पोट जाणून घ्यायला बॉम्ब लागत नव्हता. तसंही निरुपयोगी झालेलं यान आदळलं आणि चंद्र बोलला. शिवाय तो स्वतःहूनही बोलतो. १९६९ ते १९७७ या काळात अपोलोच्या उपकरणांनी हजारो चंद्रकंप नोंदले. त्यांतले बरेचसे पृथ्वीच्या ओढीच्या तालावर, ठरावीक दिवसांनी परत येणारे. ऐकणारं यंत्र असलं की पुरे होतं.

तेच पहारा देण्याबाबत झालं. १९६३ मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. भारतानंही त्यावर सही केली. पण कुणी चंद्राआड लपून स्फोट केला तर? ते पकडायला अमेरिकेनं व्हेला नावाचे उपग्रह वर पाठवले. जुलै १९६७ मध्ये त्यांना गॅमा किरणांचा एक झोत दिसला. तो बॉम्बचा नव्हता, सूर्याचा नव्हता, पृथ्वीचाही नव्हता. १९७३ मध्ये ही नोंद जाहीर झाली आणि दूरच्या दीर्घिकांमध्ये होणाऱ्या प्रचंड स्फोटांचं नवं शास्त्र उघडलं. २०१५ मध्ये गेलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचं एक उपकरण असेच झोत पकडतं. त्यामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचं आयुका आहे.

मग नुकसान काहीच नाही का? आहे, आणि ते चंद्राच्या वजनात मोजता येत नाही. चंद्राभोवती जी विरळ वाफ आहे तिचं सगळं मिळून वजन काही टन, उसाच्या एक-दोन ट्रॉल्यांइतकं. एका स्फोटानं उडालेली वाफ तिच्यावर मात करेल. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांच्या तळाशी सूर्य कधीच पोचत नाही, तिथं पाण्याचा बर्फ आहे. चंद्रावर पाण्याच्या खुणा आहेत हे सांगण्यात २००८ साली गेलेल्या आपल्या चंद्रयान-१ चा मोठा वाटा. अब्जावधी वर्षांत साचलेल्या त्या थरावर बॉम्बची वाफ जाऊन बसली, तर त्यातलं मूळचं काय आणि आपलं काय, हे कसं सांगणार? पृथ्वीवर पाऊस धुतो, वारा पांगवतो, माती झाकते. तिथं पाऊस नाही, वारा नाही. किरणोत्सारी राख जिथं पडेल तिथंच राहील. अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे अजून तसेच आहेत, तशीच ही खूणही राहिली असती.

१० ऑक्टोबर १९६७ पासून अंमलात आलेल्या अवकाश करारानं चंद्रावर कोणत्याही शस्त्राची चाचणी करायला बंदी घातली आहे. भारतानं त्याला १९८२ मध्ये अंतिम मान्यता दिली. सही-शिक्क्याचा कागद बॉम्बला अडवू शकत नाही, असं मला कुणी म्हणालं तर मी एवढंच म्हणेन, की आजवर अडवला आहे. ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेनं १.४ मेगाटनांचा बॉम्ब फोडला होता. सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांत रस्त्यावरचे दिवे गेले आणि पुढच्या महिन्यांत कितीतरी उपग्रह निकामी झाले. पुढच्याच वर्षी तो चाचणीबंदीचा करार आला. अवकाशात तसा स्फोट नंतर झालेला नाही.

आता पुन्हा त्या ऐकणाऱ्या यंत्रांकडे येतो. पैसे वाचवण्यासाठी अपोलोची उपकरणं बंद करण्यात आली, त्यात भूकंपमापकंही होती. ती तारीख वाचून मी पुस्तक मिटलं होतं. ३० सप्टेंबर १९७७. आपल्या पहाटेच्या आधी बरोबर सोळा वर्षं. त्यानंतर चंद्रावर उतरून तिथल्या थरथरीकडे पुन्हा कान लावला तो आपण. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरबरोबर 'इल्सा' नावाचं छोटं उपकरण चंद्रावर उतरलं. प्रज्ञान गाडी चालली, तिची चाकं खडखडली, ते त्यानं नोंदलं. २६ ऑगस्टला आणखी एक कंप नोंदला, जो यानाचा किंवा गाडीचा नव्हता, नैसर्गिक असावा. त्या दिवशी मला ब्रेकची तार आणि अर्धी वीट आठवली. ट्रकचे दातरे आणि दुसरे दातरे. गुरुजी हयात असते तर मी तो आलेख घेऊन धावत त्यांच्याकडे गेलो असतो.

त्या वेळच्या कागदाची एक पट्टी माझ्याकडे आहे. शाई फिकट झाली आहे. समोर टेबलावर काचेखाली ठेवली आहे, जाताना पाहा.

आज शुक्ल अष्टमी आहे, चंद्र अर्धा आहे. मैदानात शाळेची दुर्बीण लावली आहे. उजेड आणि अंधार मिळतात त्या रेघेवर नजर ठेवा, विवरांच्या सावल्या तिथंच सर्वांत लांब पडतात. बॉम्बसाठी पाहिली गेली होती ती जागा अशाच रेघेवरची. आधी लहान मुलांना पाहू द्या. दुर्बिणीची तिवई मातीत रोवली आहे, म्हणून रांगेत उभे असताना जवळून पळू नका. कुणी पळालं, की आतला चंद्र थरथरतो.